सॉफ्टवेअर ठरले, नोंदींचे काय?

वाशीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एक बाई आमच्या परिचयाच्या आहेत. नववीच्या मुलांकडून खाडीकाठच्या वनस्पतींवर प्रकल्प करून घ्यायचा, असे त्यांनी एका वर्षी ठरवले. खाडी तर हाकेच्या अंतरावर. संदर्भासाठी त्यांना खारफुटीवरचे एक जुने मराठी पुस्तक हवे होते. शाळेच्या कपाटात ते नव्हते. आम्ही ज्या संशोधन संस्थेत काम करतो तिथल्या ग्रंथालयात मराठी पुस्तके औषधालाही नाहीत. बाईंनी जवळच्या दोन महाविद्यालयांत फोन केले. दोन्हीकडच्या ग्रंथपालांनी संगणकावर पाहून "नाही" असे सांगितले. प्रकल्प पुस्तकाविनाच झाला. पुढे तीन महिन्यांनी बाईंच्या पुतणीने, जी त्याच दोनपैकी एका महाविद्यालयात शिकते, ते पुस्तक कपाटातून काढून आणून दिले. पुस्तक संगणकातही होते. नोंद करताना कोणीतरी 'खारफूटी' असा दीर्घ उकार दिला होता आणि शोधताना ऱ्हस्व दिला गेला, इतकेच.

ही गोष्ट आम्ही विसरून गेलो असतो. पण त्यानंतर थोड्याच दिवसांनी आमच्या भागातल्या पाच ग्रंथालयांनी मिळून एक नवे ग्रंथालय-सॉफ्टवेअर निवडायचे ठरवले. तीन महाविद्यालये, एक शाळा आणि एक सार्वजनिक वाचनालय. संगणक समजणारा माणूस म्हणून आम्हांलाही बैठकीला बोलावले. आम्ही ग्रंथपाल नाही, हे आधीच सांगून टाकतो. परंतु प्रयोगशाळेत उपकरण विकत घेताना जी चौकशी आम्ही करतो, ती इथे कोणी करताना दिसेना, म्हणून हा लेख.

बैठकीत एक तुलनात्मक तक्ता वाटण्यात आला. आडव्या ओळीत चार सॉफ्टवेअरची नावे आणि उभ्या रांगेत पंचेचाळीस सोयी. बारकोड छापता येतो का, वाचकाला मोबाइलवर संदेश जातो का, छायाचित्रासह ओळखपत्र निघते का, दंडाची पावती मिळते का, अहवाल किती प्रकारचे. जवळजवळ सगळीकडे बरोबरची खूण होती. 'मराठीची सोय' या रकान्यातही चारही ठिकाणी 'आहे'. ज्या कसोटीत सगळेच उमेदवार पैकीच्या पैकी गुण मिळवतात ती कसोटी काय कामाची, हे शिक्षकांना सांगायला नको. तक्ता भरला होता विक्रेत्यांनी. समितीने फक्त तो एकत्र टंकलिखित केला होता. मग उरले ते तीन दरपत्रकांचे नेहमीचे गणित आणि वार्षिक देखभाल कराराची घासाघीस.

एकत्र येऊन निवड करण्याची कल्पना चांगलीच आहे आणि आपल्याकडे ती नवीही नाही. मुंबईत १९९२ साली 'बॉम्बे लायब्ररी नेटवर्क' म्हणजे बोनेट सुरू झाले. केंद्र सरकारच्या 'निसॅट' या विज्ञान-तंत्रज्ञान माहिती योजनेचे पाठबळ आणि जुहूच्या 'नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी' या संस्थेचे तांत्रिक साह्य त्यामागे होते. ही संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. पुण्यात विद्यापीठ, सी-डॅक आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा यांच्या सहभागाने 'पुणेनेट' उभे राहिले. दिल्लीत डेलनेट १९८८ मध्ये सुरू झाले होते, कलकत्त्यात कॅलिबनेट होते आणि अहमदाबादेत १९९४ मध्ये एडिनेट आले. कॅलिबनेटसाठी तर सीएमसी या सरकारी कंपनीने 'मैत्रेयी' नावाचे खास सॉफ्टवेअर लिहिले. परदेशी नियतकालिकांच्या वर्गण्या रुपयाच्या घसरणीमुळे त्या काळात आवाक्याबाहेर चालल्या होत्या. एकाच शहरात एकच नियतकालिक चार ठिकाणी घेण्यापेक्षा वाटून घ्यावे, असा साधा व्यवहारी विचार या सगळ्यामागे होता.

यांपैकी डेलनेट आणि एडिनेट आजही काम करतात. बोनेटचे नाव आज तरुण ग्रंथपालांपुढे घेतले तर बहुतेकांना ते ऐकून ठाऊक नसते. कारणे पुष्कळ सांगितली जातात. टेलिफोनच्या तारा वाईट होत्या, मोडेम मंद होते, निसॅटची मदत आटली, पुढे २००२ च्या सुमारास ती योजनाच बंद झाली. ही सगळी कारणे खरी आहेत. आमच्या मते आणखी एक कारण होते, आणि ते आजच्या बैठकींना जास्त लागू पडते.

त्या काळी बहुतेक ग्रंथालयांकडे एकच सॉफ्टवेअर होते. युनेस्कोने तयार केलेले 'सीडीएस/आयसिस'. ते फुकट मिळे, भारतात निसॅट त्याचे वाटप आणि प्रशिक्षण करी. आजच्या आपल्या पाच ग्रंथालयांना जे साधायचे आहे, म्हणजे सर्वांकडे एकच सॉफ्टवेअर, ते तेव्हा आपोआप साधलेलेच होते! पण आयसिसची खुबी अशी की पुस्तकाच्या नोंदीत कोणते रकाने असावेत आणि त्यांना कोणते क्रमांक द्यावेत, हे प्रत्येकाने आपापले ठरवायचे. एका ग्रंथालयाने लेखकाला १० क्रमांक दिला, तर दुसऱ्याने त्याच दहाव्या रकान्यात प्रकाशक घातला. एकाने 'नारळीकर, जयंत विष्णु' असे लिहिले, दुसऱ्याने 'डॉ. जयंत नारळीकर'. आपापल्या इमारतीत दोघांचेही काम सुरळीत चाले. नोंदी एकत्र करायची वेळ आली की मात्र सगळा काला. युनेस्कोने १९८४ मध्ये नोंदींची देवाणघेवाण व्हावी म्हणून 'सीसीएफ' नावाचा एक सामाईक नमुना काढला होता आणि निसॅट त्याचा आग्रहही धरत असे, पण आग्रह वेगळा आणि रोजची सवय वेगळी.

तेव्हा 'सर्वांनी एकच सॉफ्टवेअर घेतले की सहकार्य झाले' हा समज तीस वर्षांपूर्वीच तपासून झालेला आहे, आणि तो टिकला नाही. आजचे उदाहरण हवे असेल तर गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने महाविद्यालये-विद्यापीठांसाठी केलेले 'सोल' पाहावे. २००० साली पहिली आवृत्ती आली, २००९ मध्ये दुसरी, २०२१ मध्ये तिसरी. सॉफ्टवेअर म्हणून आमची त्याबद्दल तक्रार नाही. दुसऱ्या आवृत्तीपासून त्यात आंतरराष्ट्रीय नमुन्याच्या नोंदी आणि युनिकोड दोन्ही आले. पण महाविद्यालय ते घेते, आपल्या संगणकावर बसवते, आणि गोष्ट तिथेच संपते. गेल्या काही वर्षांत नॅकच्या प्रपत्रांत ग्रंथालयाचे संगणकीकरण झाले आहे का, पूर्ण की अंशतः, सॉफ्टवेअरचे नाव काय, आवृत्ती कोणती, वर्ष कोणते, असे विचारले जात असे. त्या माहितीने रकाने भरतात. शेजारच्या महाविद्यालयातल्या वाचकाला तुमचे पुस्तक सापडते का, असा रकाना आम्हांला तरी दिसला नाही. बाईंनी फोन केले त्या दोन्ही ग्रंथालयांत एकच सॉफ्टवेअर होते, हे इथे सांगून ठेवतो.

मग निवडायचे काय? इथे नोंद म्हणजे काय हे थोडे खोलात जाऊन पाहावे लागेल.

पूर्वी तालिकेच्या लाकडी खणांत कार्डे असत. कार्डावर लेखक वर, शीर्षक खाली, कोपऱ्यात वर्गांक. माणूस ते पाहून कोणती ओळ कशाची हे ओळखतो. यंत्राला ते कळत नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अ‍ॅव्रम या प्रोग्रामर बाईंनी यंत्राला वाचता येईल अशी नोंद रचली. तिचे नाव 'मार्क'. आज जगभर वापरली जाणारी 'मार्क २१' ही तिचीच पुढची पिढी. यात प्रत्येक गोष्टीला तीन आकडी खूण आहे. मुख्य लेखक १००, शीर्षक २४५, आयएसबीएन ०२०. नोंद एका ग्रंथालयातून दुसऱ्याकडे पाठवायची ती 'आयएसओ २७०९' या पाकिटातून. या पाकिटाची रचना वर्गात सांगण्याजोगी आहे. सुरुवातीला २४ घरांचे शीर्ष. त्यानंतर अनुक्रमणिका, तिच्यात प्रत्येक रकान्यासाठी बरोबर १२ आकडे: तीन खुणेचे, चार लांबीचे आणि पाच 'हा रकाना कितव्या घरापासून सुरू होतो' हे सांगणारे. मग एकामागोमाग एक मजकूर, मध्ये ओळ नाही की परिच्छेद नाही. यंत्र अनुक्रमणिका वाचते, मोजत जाते आणि नेमक्या घरावर जाऊन मजकूर उचलते.

मोजण्यात चूक झाली तर? इथेच आपल्या लिपीचा प्रश्न येतो. 'विज्ञान' हा शब्द घ्या. मुलांना अक्षरे मोजायला सांगितली तर ती तीन म्हणतील: वि, ज्ञा, न. संगणकाच्या युनिकोड पद्धतीत मात्र यात सात चिन्हे आहेत: व, ऱ्हस्व इकार, ज, पाय मोडण्याची खूण, ञ, काना आणि न. आणि ही चिन्हे साठवताना आज सर्वत्र जी यूटीएफ-८ पद्धत वापरतात, तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन घरे लागतात. म्हणजे सात त्रिक एकवीस. तीन, सात की एकवीस? पाकिटाच्या नियमानुसार घरे मोजायची, म्हणजे एकवीस. इंग्रजी 'सायन्स' या शब्दात सात अक्षरे, सात चिन्हे आणि सातच घरे, त्यामुळे इंग्रजीपुरते कसेही मोजले तरी उत्तर बरोबर येते. एखाद्या सॉफ्टवेअरने घरांऐवजी चिन्हे मोजली, तर इंग्रजी पुस्तकांच्या नोंदी व्यवस्थित बाहेर पडतील आणि मराठी पुस्तकांच्या नोंदी मध्येच तुटतील, लेखकाच्या नावात प्रकाशकाचे शेपूट येईल. तक्त्यात मात्र 'नोंदी बाहेर काढण्याची सोय' या रकान्यात बरोबरचीच खूण राहील.

हे झाले पाकीट. आतल्या मजकुराच्या अडचणी आणखी नाजूक आहेत. 'ॲसिड' किंवा 'ॲल्युमिनियम' यांचे पहिले अक्षर घ्या. युनिकोडमध्ये या अक्षराला स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली. त्याआधी लोक अ टंकून त्यावर चंद्र देत, आणि कित्येक कळफलकांवर अजूनही तसेच होते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राला ती दोन वेगळी अक्षरे आहेत. रसायनशास्त्राचे एखादे पुस्तक २००५ साली नोंदवले असेल आणि आज तुम्ही ते नव्या कळफलकावरून शोधत असाल, तर ते 'नाही' असे उत्तर येण्याचा पुरेपूर संभव आहे. वर आम्ही 'ऱ्हस्व' हा शब्द लिहिला, त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी साठवता येतो, एका तऱ्हेत तर मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह असते. 'ळ' ची गंमत निराळी. आपल्या वर्णमालेत तो 'ह' नंतर येतो. युनिकोडच्या क्रमांकांत तो 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये बसला आहे. सॉफ्टवेअरने मराठी क्रमाची वेगळी व्यवस्था केली नसेल तर यादी भलत्याच क्रमाने लागते, आणि छापील यादीत बोट फिरवून पुस्तक शोधणारे आजोबा निराश होऊन परत जातात.

यावर कोणी म्हणेल की हे संगणकाचे दोष आहेत. सगळे नाहीत. विज्ञानाच्या पुस्तकांत आइन्स्टाइन, आइनस्टाइन, आईन्स्टाईन आणि आईनस्टाईन हे चारही जण एकाच कपाटात नांदतात. भा. रा. भागवतांमुळे मराठी मुलांना ज्यूल व्हर्न भेटला, तो कुठे व्हर्न आहे, कुठे वर्न. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीच्या पुस्तकांत अनुस्वारांची रेलचेल आहे: 'नांव', 'गांव', 'शास्त्रांतील'. बाळ फोंडके यांचे नाव गजानन पुरुषोत्तम आहे. त्यांच्या काही इंग्रजी लेखनावर जी. पी. आणि मराठीवर बाळ. नारळीकरांनी तर आपली पहिली विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती. स्वतःच्याच आद्याक्षरांचा क्रम उलटा करून! ग्रंथपालनात यावर जुना उपाय आहे. प्रत्येक व्यक्तीचे एक प्रमाण नाव ठरवायचे आणि बाकीच्या सर्व रूपांकडून त्याकडे बाण दाखवायचा. इंग्रजी नावांसाठी मोठ्या राष्ट्रीय ग्रंथालयांनी अशा याद्या केल्या आहेत आणि त्या आयत्या मिळतात. मराठीसाठी पाच ग्रंथालयांनी बसून निदान आपल्यापुरती तरी यादी करायला हवी. ते काम कोणतेही सॉफ्टवेअर करून देणार नाही, आणि म्हणूनच ते कोणत्याच तक्त्यात नसते.

मराठीत हे काम अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांना आम्ही शंकर गणेश दात्यांचे नाव सांगतो. १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची आणि पुढच्या खंडात १९३८ ते १९५० पर्यंतच्या ग्रंथांची सूची त्यांनी सिद्ध केली. त्यांच्यापाशी ना संगणक होता ना जाळे. नोंद कशी करायची हे आधी ठरवून मग ते कामाला लागले होते, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे.

आमच्या पाचांपैकी एका ग्रंथालयाची हकीकत इथे सांगायला हवी. नाव सांगत नाही. नव्वदीच्या अखेरीस त्यांनी एका छोट्या कंपनीचे सॉफ्टवेअर घेतले होते. त्यात मराठी दिसे, आणि छापलेही जाई. पण ते मराठी फक्त टंकाचे होते. म्हणजे संगणकात साठवलेली असत इंग्रजी अक्षरे आणि खुणा, फक्त त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा. त्याच काळात सी-डॅकच्या 'जिस्ट' कार्डावर इस्की या भारतीय प्रमाणानुसार, १९९१ च्या मानकाप्रमाणे, मजकूर साठवणारी ग्रंथालयेही होती. त्यांचा मजकूर पुढे नियमाने युनिकोडमध्ये आणता आला. आमच्या या ग्रंथालयाचे तसे झाले नाही. कंपनी बंद पडली, टंकाची फाइल हरवली, आणि पडद्यावर उरली ती अर्थहीन इंग्रजी अक्षरांची रांग. काही हजार मराठी पुस्तकांच्या नोंदी दाखल नोंदवही पुढ्यात घेऊन दोन उन्हाळी सुट्यांत पुन्हा टंकाव्या लागल्या. ग्रंथपाल मॅडम बैठकीत शेवटी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सर, सोयी राहू द्या. उद्या हे सोडायचं झालं तर माझ्या नोंदी मला कशा परत मिळतील, तेवढं विचारा." आमच्या मते संपूर्ण बैठकीतला तो सर्वांत शास्त्रीय प्रश्न होता. विक्रेत्याच्या प्रतिनिधीने उत्तर दिले की सोडायची वेळच येणार नाही.

वेळ येते. मोठमोठ्यांवर आली आहे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ या छोट्या भागातल्या ग्रंथालयांचे जुने सॉफ्टवेअर २००० साल ओलांडू शकणार नव्हते. त्यांनी एका स्थानिक कंपनीकडून नवे लिहून घेतले, जानेवारी २००० मध्ये ते सुरू झाले, आणि ते त्यांनी सगळ्या जगाला खुले करून टाकले. तेच 'कोहा'. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात अडीचशेच्या आसपास सार्वजनिक ग्रंथालयांची एकच सामाईक तालिका होती आणि वाचकाला एकच कार्ड. बाजारातले कोणतेही सॉफ्टवेअर ते ओझे नीट पेलेना, तेव्हा त्यांनी 'एव्हरग्रीन' स्वतः तयार करवले आणि २००६ मध्ये चालू केले. जॉर्जियाच्या मंडळींकडे सामाईक तालिका आधी होती. सॉफ्टवेअर नंतर आले. आपल्याकडे क्रम उलटा असतो.

कोहा खुले आहे म्हणून आपल्या सर्व अडचणी सुटतील, असा प्रचार करणारेही भेटतात. आम्ही स्वतः खुल्या सॉफ्टवेअरच्या बाजूचे आहोत, तरी हा भाबडेपणा वाटतो. कोहामध्ये झेब्रा नावाचे शोधयंत्र असते. त्याची एक मांडणी युनिकोडला अनुकूल अशी बदलून घेतली नाही, तर मराठी शोध धड चालत नाही. ही गोष्ट बसवणाऱ्याला माहीत असावी लागते आणि एकदा नोंदी भरल्यावर सगळी शोधसूची पुन्हा बांधावी लागते. शाळेतल्या अर्धवेळ ग्रंथपालाने हे करावे अशी अपेक्षा धरणे क्रूरपणाचे आहे. पाच ग्रंथालयांनी एकत्र येण्याचा खरा फायदा इथे आहे. पाचांमध्ये मिळून एक जाणता माणूस ठेवता येतो. घाऊक खरेदीत मिळणारी सूट त्यामानाने किरकोळ असते.

आमच्या बैठकीचे पुढे काय झाले ते सांगतो. आम्ही सुचवले की तक्ता बाजूला ठेवावा आणि चाळीस पुस्तकांची चाचणी घ्यावी. विक्रेते प्रात्यक्षिक दाखवतात ते नेहमी इंग्रजी पुस्तकावर. हॅलिडे-रेस्निकच्या भौतिकशास्त्राचा आयएसबीएन टाकला की परदेशी ग्रंथालयातून झेड ३९.५० या मार्गाने सबंध नोंद क्षणात येते आणि समिती टाळ्या वाजवते. आमच्या वाचनालयातल्या निम्म्याहून अधिक पुस्तकांवर आयएसबीएनच नाही. तेव्हा आम्ही एका कापडी पिशवीत मुद्दाम अडचणीची चाळीस पुस्तके भरली. टोपणनावाने लिहिलेले एक, केवळ संपादक असलेले एक, विश्वकोशाचे मधलेच दोन खंड, १९६२ पूर्वीचे अनुस्वारयुक्त एक, 'ॲ' ने सुरू होणारी दोन, शीर्षकात 'ळ' असलेली तीन, एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्या. या चाळीस नोंदी करून दाखवा, मग त्या बाहेर काढा, आणि दुसऱ्या विक्रेत्याच्या सॉफ्टवेअरमध्ये घालून दाखवा, एवढीच अट. एक प्रतिनिधी पिशवी पाहून पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला तो आलाच नाही. उरलेल्या तिघांपैकी कोणाच्याही नोंदी चाळीसच्या चाळीस धड बाहेर पडल्या नाहीत. एकाच्या बऱ्याच पडल्या, आणि ज्या अडल्या त्या का अडल्या हे त्याने प्रामाणिकपणे सांगितले. आम्हांला तोच बरा वाटला.

निकाल मात्र आमच्या मनासारखा लागला नाही. एका महाविद्यालयाच्या व्यवस्थापनाने आधीच दुसरीकडे शब्द दिला होता आणि शाळेला त्या वर्षी पैसेच मिळाले नाहीत. पाच जणांचे एक सॉफ्टवेअर झाले नाही. तिघांनी एक घेतले, एकाने वेगळे, शाळा अजून वहीवरच आहे. तरीही एक गोष्ट पदरात पडली. पाचही ग्रंथपालांनी दोन पानांचा एक नोंदनियम मान्य केला: नाव कसे लिहायचे, 'ॲ' कोणता टंकायचा, जुन्या अनुस्वारांचे काय करायचे, कोणत्या खुणेत काय घालायचे. करारात एक कलम घालून घेतले की दर वर्षी मे महिन्यात विक्रेता सर्व नोंदी प्रमाण स्वरूपात काढून ग्रंथालयाच्या हवाली करील, त्यासाठी वेगळे पैसे नाहीत. शाळेच्या नोंदी त्याच नियमाने एका साध्या तक्त्यात भरल्या जात आहेत, आठवीतली दोन मुले शनिवारी त्यात मदत करतात.

गेल्या मे महिन्यात पहिल्यांदा या सगळ्या फाइली एकत्र केल्या. काम आमच्याच घरी, जेवणाच्या टेबलावर झाले. आइन्स्टाइन अपेक्षेप्रमाणे चार निघाले. एका महाविद्यालयाच्या मराठी नोंदींत शीर्षकाच्या शेवटची काही अक्षरे गायब होती, ती घरे मोजण्याची चूक होती आणि ती विक्रेत्याला दाखवून दुरुस्त करून घ्यायची आहे. खारफुटीचे पुस्तक यादीत दोनदा आले, एकदा ऱ्हस्व आणि एकदा दीर्घ. दीर्घवाली प्रत बाईंच्या पुतणीने आणली होती तीच. ऱ्हस्ववाली प्रत सार्वजनिक वाचनालयात होती, बाईंच्या शाळेपासून दोन गल्ल्या सोडून.